पावसाळ्यात मांडवीत कोंडलेलं आरमार : गोवा १५१०, एक प्रकरण अभ्यास

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, हे आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. पण त्या एका वर्षात गोवा तीनदा हातातून हातात गेला. फेब्रुवारीत पोर्तुगिजांनी घेतला, मेमध्ये आदिलशाहीने परत मिळवला आणि नोव्हेंबरमध्ये पोर्तुगिजांनी पुन्हा घेतला, तो मग थेट १९६१ पर्यंत. लोक बोलतात ते बहुतेक फेब्रुवारी नाहीतर नोव्हेंबरबद्दल. माझ्या मते खरं प्रकरण मधल्या पावसाळ्याचं आहे. मेच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे अडीच महिने, पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कचं सगळं आरमार मांडवीच्या पात्रात कोंडलं होतं, बाहेर समुद्र खवळलेला, दोन्ही काठांवर आदिलशाही तोफा, खायला उंदीर. शत्रू इतका हातात सापडलेला असताना विजापूरची त्या काळातली एवढी मोठी फौज त्याला संपवू का शकली नाही, एवढाच प्रश्न मला इथे धरायचाय.

आधी जागा समजून घेऊ, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

आज आपण गोवा म्हणतो ते अख्खं राज्य तेव्हा नव्हतं डोळ्यासमोर, भांडण होतं ते तिसवाडीच्या बेटासाठी. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी, झालं बेट. शहर मांडवीच्या काठावर, आजचं ओल्ड गोवा. पणजी म्हणजे नदीच्या तोंडाकडचा एक छोटा किल्ला आणि आजूबाजूला खाजण. घाटावरून येणाऱ्या फौजेला शहरात शिरायचं तर खाडी ओलांडणं भाग, आणि ती ओलांडायच्या जागा मोजक्याच, बाणस्तारी, गवंडाळी, दक्षिणेला आगशी वगैरे. खाडीत मगरी, त्या आजही आहेत, टुरिस्ट लोक बोटीतून बघायला जातात. समुद्राकडून येणाऱ्याला अडचण वेगळी, मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे आणि पावसाळ्यात तिथे लाटा अशा फुटतात की मोठं जहाज आत-बाहेर करूच शकत नाही. हे काही जुन्या काळापुरतं नाही, खाणींची वाहतूक जोरात होती तेव्हाही पावसाळ्यात आग्वादचा मार्ग बंद व्हायचा आणि बार्ज कुंभारजुव्याच्या खाडीतून फिरून मुरगावला जायचे. तर या बेटाला दोन दारं, एक जमिनीकडचं आणि एक समुद्राकडचं, आणि समुद्राकडचं दार वर्षातले काही महिने निसर्गच लावून घेतो. हे लक्षात ठेवा.

बहमनींच्या वतीने महमूद गावानने १४७२ ला हे बंदर विजयनगरकडून घेतलं, बहमनी राज्य फुटल्यावर ते विजापूरच्या यूसुफ आदिलखानाकडे आलं. बंदराला भाव होता तो घोड्यांमुळे. अरबस्तान आणि होर्मुझकडून येणारे घोडे इथे उतरायचे आणि वर घाट चढून जायचे. दख्खनच्या सगळ्या सत्ता आणि विजयनगर, सगळ्यांचं घोडदळ याच आयातीवर चाललेलं, कारण आपल्याकडच्या हवेत तसे घोडे पैदा होत नव्हते. ज्याच्या हातात गोवा त्याच्या हातात शेजाऱ्याच्या घोडदळाचा सप्लाय, असं साधं गणित.

आता अल्बुकर्क. अफोंसो द अल्बुकर्क १५०९ च्या शेवटी गव्हर्नर झाला, तोही आधीचा व्हाइसरॉय आल्मैदाशी मोठं भांडण होऊन. जानेवारी १५१० मध्ये कालिकतवर हल्ला केला तो पार फसला, बरोबर आलेला मार्शल कुतिन्यो तिथेच मारला गेला, अल्बुकर्क स्वतः जखमी झाला. म्हणजे फेब्रुवारीत निघाला तेव्हा मार खाऊन निघालेला माणूस होता तो. वीस-बावीस जहाजं, हजार-बाराशे माणसं, आणि सांगितलेला बेत तांबड्या समुद्राकडे जायचा. वाटेत होनावरचा तिमोजा भेटला. हा तिमोजा, आपल्याकडे तिम्मय्या म्हणतात, समुद्रावरचा लुटारू म्हणा नाहीतर विजयनगरच्या बाजूचा खाजगी आरमारवाला म्हणा, त्या किनाऱ्यावर दोन्हीत फार फरक नव्हता. त्याने सांगितलं, गोव्यात आत्ता शिबंदी कमी आहे, आदल्या वर्षी दीवच्या लढाईत पोर्तुगिजांकडून हरून वाचलेले तुर्क तिथे जमलेत आणि जहाजं बांधतायत, लोक करामुळे वैतागलेत, तांबडा समुद्र कशाला, इथेच घुसा. गोव्यातल्या परंपरेत यामागे म्हाळ पै वेर्णेकर वगैरे स्थानिक पुढाऱ्यांचं नाव घेतात, की त्यांनीच तिमोजाकडे गाऱ्हाणं नेलं. काही असो, बातमी पक्की निघाली. पणजीचा किल्ला अल्बुकर्कचा भाचा दों अंतोनियो द नोरोन्याने जवळपास सहज घेतला, तिमोजाच्या माणसांनी दक्षिणेला काळी नदीवरचा चित्ताकुलचा किल्ला घेतला, आणि शहराने फारशी लढाई न करता दारं उघडली. तारीख साधारण १७ फेब्रुवारी धरतात.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. शहर जिंकलं नाही, शहराने मालक बदलला. अल्बुकर्कने लुटीला बंदी घातली, कर कमी करायचं कबूल केलं, वसुली तिमोजाकडे दिली, आणि लगेच नाणी पाडायला घेतली. लोकांच्या नजरेत हे फार वेगळं काही नव्हतं, कदंब गेले, बहमनी आले, विजयनगर आले, परत बहमनी आले, मग विजापूर आलं. आता हे आले, कर कमी करतायत तर ठीक आहे. नंतर काय होणार हे कोणाला माहीत असणार? मागाहून त्यांना देशद्रोही ठरवणं मला पटत नाही, तेव्हाची निष्ठा गावाशी आणि देवळाशी होती, त्यापलीकडे जो वसुलीला येईल तो राजा.

मे : खाडीवरची रात्र

अल्बुकर्कच्या कप्तानांचं म्हणणं होतं की पावसाळ्याआधी इथून निघू, मूठभर माणसांनी बेट राखता येणार नाही. अल्बुकर्क हटून बसला. त्याने ओलांडायच्या जागांवर माणसं आणि तोफा लावल्या आणि वाट बघत राहिला. तिकडे विजापूरहून पुलादखान फौज घेऊन घाट उतरला, मागून खुद्द आदिलखान मोठ्या सैन्यासह येत होता. फौजेचे आकडे पोर्तुगीज बखरी ४० हजार, ६० हजार असे देतात, ते मी फार मनावर घेत नाही, जिंकलेला किंवा हरलेला कोणीही समोरच्याची फौज फुगवूनच सांगतो. पोर्तुगिजांच्या कितीतरी पट होती एवढं मात्र नक्की.

यूसुफ आदिलखान याच १५१० सालात वारला आणि गादीवर इस्माईल आला, वयाने पोरगाच, कारभार कमालखानाच्या हातात. म्हणजे विजापूरच्या दृष्टीने हे वर्ष घरातच धामधुमीचं होतं हे ध्यानात घ्या. मी पुढे सरळ आदिलखान एवढंच म्हणतो.

पुलादखानाने जे केलं ते खरंच वाखाणण्यासारखं आहे. त्याने आधी निरोप पाठवून चाचपणी केली. निरोप्या होता झुआंव माशादो, पोर्तुगालमधून शिक्षा होऊन हद्दपार केलेला आणि आता विजापूरच्या नोकरीत असलेला पोर्तुगीजच. म्हणाला, गोवा सोडा, निघून जा, नाहीतर खैर नाही. अल्बुकर्क ऐकेना. मग मेच्या मध्याला एका वादळी रात्री, मुसळधार पावसात, तराफे आणि होड्यांवरून आदिलशाही माणसं खाडी ओलांडून आली. पावसात तोडेदार बंदुका आणि तोफा निम्म्या निकामी होतात, पहारेकऱ्याला दहा हातांवरचं दिसत नाही. जमिनीवरच्या फौजेने पाण्याच्या अडथळ्यावर मात कशी करावी याचं हे चांगलं उदाहरण. पोर्तुगीज खाडीवरच्या चौक्या सोडून शहराकडे पळाले, काही तोफा तिथेच राहिल्या, आणि शहरातल्या बऱ्याच मुसलमान रहिवाशांनीही लगेच बाजू बदलली.

तारखांबद्दल एक बोलतो, कारण इथे बरेच जण फसतात. या सगळ्या तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत, आजच्या हिशोबाला त्यात १० दिवस मिळवायचे. म्हणजे मेच्या मध्याचं ते वादळ आपल्या २१-२५ मेच्या आसपासचं, वळवाचं. आणि पोर्तुगिजांनी शहर सोडलं ते मे संपता संपता, ३०-३१ मेला, म्हणजे आजच्या ९-१० जूनला, नेमका मृग लागून मान्सून कोकणात बसतो तेव्हा. आकडा तसाच वाचला तर वाटतं मेमध्ये कसला आलाय पावसाळा, पण १० दिवस मिळवले की सगळं जागच्या जागी बसतं.

शहरातला किल्ला काही दिवस धरून ठेवला, पण टिकणं शक्य नव्हतं. मे अखेरच्या त्या पहाटे अंधारात उरलेले पोर्तुगीज जहाजांवर चढले, मागे लढत लढत. निघताना किल्ल्यातल्या मुसलमान कैद्यांची कत्तल केली, काही बायका-मुलांना ओलीस म्हणून जहाजांवर घेतलं. हे त्यांच्याच लोकांनी लिहून ठेवलंय, कोणी आरोप केलेला नाही. आणि मग जहाजं नदीतून खाली तोंडाशी आली तर पुढे रस्ताच नाही, वाळूच्या बांधावर लाटा फुटतायत. बाहेर जायचं तर बुडायचं, मागे जायचं तर आदिलखान.

अडीच महिने

आता हा मुख्य भाग. नदीत नांगरलेली जहाजं, त्यांवर काही शे माणसं, ओलीस बायका-मुलं, आणि धान्य थोडं. मांडवीचं पाणी भरतीला खारट आणि ओहोटीला घाटावरून आलेल्या मातीने गढूळ, प्यायला पावसाचं धरून ठेवायचं. काठावरून तोफा चालू, पणजीच्या किल्ल्यातून तर सारख्याच. जहाजं जागा बदलत राहायची, एकीकडे मारा वाढला की दुसरीकडे. खायला आधी रेशन कमी केलं, मग उंदीर, मग कातडी उकळून. माणसं पळून आदिलखानाकडे जायला लागली, आणि आतली सगळी बातमी तिकडे पोचायला लागली.

आदिलखानाने पांढरं निशाण लावून होडी पाठवली, त्यात खायला होतं, आणि निरोप असा की उपाशी ठेवून जिंकायची आपली इच्छा नाही. शूरपणाची तऱ्हा म्हणा नाहीतर हेरगिरी म्हणा, मला दोन्ही वाटतं, आत किती शिल्लक आहे ते बघायचंच होतं त्यांना. अल्बुकर्कने काय केलं, आजाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं उरलंसुरलं चांगलं खाणं आणि दारूचं पिंप डेकवर मांडून ठेवलं, बघा आमच्याकडे किती आहे ते, आणि आलेलं सामान परत पाठवलं. सरळ नाटक होतं. पण अशा कोंडीत समोरच्याला तुमचा अंदाज चुकीचा लागला तर ते एका तोफेपेक्षा जास्त कामाचं असतं.

दुसरं, हा माणूस नुसता बसून राहिला नाही. जूनमध्येच रात्रीचा छापा घालून पणजीच्या किल्ल्यातल्या तोफा उचलून जहाजांवर आणल्या. पुढे बातमी लागली की वर शहराजवळ आदिलशाही माणसं जहाजं आणि पेटते तराफे तयार करतायत, नदीत सोडून आरमार जाळायचा बेत आहे. अल्बुकर्कने त्याआधीच होड्या पाठवून त्यांच्यावर हल्ला केला. बेत मोडला, पण त्यातच नोरोन्या, तोच भाचा, जखमी होऊन मेला. अल्बुकर्कच्या खालोखाल तोच होता, आणि कप्तान आणि अल्बुकर्क यांच्या मधला माणूस पण तोच.

आणि मग घरातलं भांडण. रुई दियास नावाचा एक तरुण सरदार ओलीस ठेवलेल्या बायकांकडे चोरून जात होता ते पकडलं गेलं, अल्बुकर्कने फाशी सुनावली. कप्तानांमध्ये बंड व्हायची वेळ आली, उमराव घराण्यातल्या माणसाला असं लटकवायचं म्हणजे काय, कोणत्या अधिकाराने, असा आरडाओरडा. काही कप्तान होड्या घेऊन फाशी थांबवायला निघाले. अल्बुकर्कने त्यांनाच अटक केली आणि रुई दियासला फासावर दिलंच. आता यावर पोर्तुगालमध्येही पुढे लोकांनी त्याला नावं ठेवली, इतकी कडक शिक्षा कशाला म्हणून. मला विचाराल तर त्यात शिस्तीपेक्षा भीती जास्त होती, ओलीस हीच त्याच्याकडची एकमेव सौदा करायची वस्तू होती आणि ती हातची गेली तर संपलंच. त्या बायकांना काय वाटत होतं हे मात्र एकाही कागदात नाही.

थोडक्यात आत परिस्थिती अशी की अजून एक जोराचा धक्का बसला असता तर आरमार फुटलं असतं. तो बसला नाही.

का बसला नाही

माझं उत्तर तीन-चार गोष्टींत मिळून आहे आणि त्या एकमेकांत गुंतलेल्या आहेत.

पहिली, लगेच दिसणारी, आदिलशाहीकडे नदीत लढायला वल्ह्यांचं आरमार नव्हतं. खाडी ओलांडणं एका रात्रीचं काम, त्याला तराफे चालतात. नांगरलेल्या उंच जहाजांवर चढायचं तर वेगवान गलबतं, ती चालवणारे, आणि तोफांच्या माऱ्यात जाणारी सवयीची माणसं पाहिजेत. गोव्यात जहाजं बांधणारे तुर्क होते, पण त्यांची बरीचशी जहाजं फेब्रुवारीत पोर्तुगिजांच्या हाती गेलेली. उरलं ते जमवता जमवता नोरोन्याने हल्ला केला.

दुसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही, की विजापूरच्या दृष्टीने काम मे अखेरीलाच झालेलं होतं. बेट परत मिळालं, शहर परत मिळालं, फिरंगी नदीत बसलेत ते पाऊस गेल्यावर जातील. सुलतानाला जमीन पाहिजे होती, तिचा महसूल पाहिजे होता, बंदर पाहिजे होतं, ते सगळं आलं. अल्बुकर्कचा जीव मात्र जहाजांत होता. जोवर जहाजं आहेत तोवर तो हरलेला नाही, हे विजापूरला उमगलं नाही असं नाही, पण त्यासाठी हजारो माणसं आणि पावसाळा खर्च करायची गरज त्यांना वाटली नाही. बोलणी पण त्याच सुरात चालली होती, किनाऱ्यावरची दुसरी जागा घ्या, गोवा विसरा. देशावरच्या राजाला हा सौदा उदारच वाटला असणार. आपल्या बऱ्याच इतिहासप्रेमींना यात मूर्खपणा दिसतो, मला नाही दिसत. त्याआधीच्या शंभर वर्षांत समुद्राकडून आलेल्या कोणी दख्खनच्या सुलतानाचं राज्य हलवलं नव्हतं, संकट यायचं ते कृष्णा-तुंगभद्रेच्या दोआबातून.

आणि तीच तिसरी गोष्ट, दोआब. विजयनगरच्या गादीवर १५०९ ला कृष्णदेवराय आलेला, रायचूरच्या बाजूला कायमचा ताण. अल्बुकर्कला हे पक्कं माहीत होतं, त्याने त्याच वर्षी विजयनगरला आपला एक पाद्री वकील म्हणून पाठवला होता, घोड्यांचं गाजर दाखवत. गोव्यात फौज अडकवून ठेवणं विजापूरला परवडणारं नव्हतं. घरात गादी बदललेली, कारभारी नवा, सीमेवर कृष्णदेवराय. अशा वेळी मोठी फौज पावसाळा संपताच परत न्यावीशी वाटणं साहजिक आहे.

चौथी म्हणजे समुद्राकडचं दार. जूनमध्ये ते आपोआप लागलं, पण ते उघडणार कधी हेही ठरलेलं, पाऊस ओसरला की. त्याआधी नदीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना, म्हणजे आजचं आग्वाद आणि काबोच्या टोकाशी, भारी तोफांचे बुरूज उभे करून ठेवले असते तर बाहेर पडताना जहाजांना फार महाग पडलं असतं. हे मी आज आरामात बसून बोलतोय, आणि पावसाळ्यात त्या टेकड्यांवर चिखलातून तोफा चढवणं काय असतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण बघा, पोर्तुगिजांनी पुढे नेमकं तेच केलं, नदीच्या तोंडाशी तटबंद्या उभ्या केल्या, आग्वादचा किल्ला १६१२ चा आहे, तो डचांच्या भीतीने बांधलेला.

ऑगस्टच्या मध्याला आरमार बाहेर पडलं. उपाशी, निम्मं आजारी, पण जहाजं शाबूत.

नोव्हेंबर

इथून पुढचं भराभर. अंजदीव बेटाशी पोर्तुगालहून ताजी आलेली दिओगो मेंदिस द वाश्कोन्सेलुशची चार जहाजं भेटली. ती निघाली होती मलाक्काला, अल्बुकर्कने त्यांना जवळजवळ जबरदस्तीने थांबवून घेतलं. कन्नूरला डागडुजी झाली, माणसं जमवली. तिमोजाकडून बातमी आली की आदिलखान मोठी फौज घेऊन वर गेलाय, शहरात रसूलखान काही हजारांची शिबंदी घेऊन आहे. २५ नोव्हेंबरला, सेंट कॅथरिनच्या सणाला, सोळाशे-सतराशे पोर्तुगीज आणि काही मलबारी माणसांनी नदीकाठच्या बाजूने हल्ला केला. पळणाऱ्यांच्या मागोमाग दारातच घुसले, दार बंद होऊ दिलं नाही, आणि काही तासांत शहर पडलं. तिमोजाची जमिनीवरची फौज पोचेपर्यंत काम झालेलं होतं.

यावेळी मात्र शहराने मालक बदलला असं झालं नाही. अल्बुकर्कने २२ डिसेंबरला राजा मानुएलला लिहिलेलं पत्र आहे, त्यात तो स्वतःच सांगतो की चार दिवस मुसलमानांची कत्तल चालू होती, बायकापुरुष मिळून ६ हजार जीव गेले, मशिदीत कोंडून जाळलं, आणि शेतकरी आणि ब्राह्मणांना मारू नका असा हुकूम होता. आपली माणसं चाळीसच्या आसपास मेली म्हणतो. आकडा फुगवलेला असू शकेल, राजाला खूश करायचं होतं, पण ज्या गोष्टीची फुशारकी मारावीशी वाटते तीच फुगवून सांगतात ना. आणि कोणाला मारायचं, कोणाला ठेवायचं याचा हिशोब बघा, जमीन कसणारा आणि वसुलीचे कागद सांभाळणारा वाचला. मेमध्ये शहरातून बाजू कोणी बदलली हे तो विसरला नव्हता.

ओल्ड गोव्याला सेंट कॅथरिनचं छोटं चॅपल आहे, से कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला, १५५० च्या सुमाराला पुन्हा बांधताना लावलेला एक शिलालेख तिथे आहे, की याच जागी दार होतं आणि इथून अल्बुकर्क आत आला. बहुतेक लोक बॉम जेझूस बघून परत फिरतात. जवळच सेंट काजेतानच्या आवारात आदिलशाही वाड्याच्या दाराची चौकट तेवढी उभी आहे, ती पण बघा.

परत खाडी

प्रकरण १५१० ला संपत नाही, कारण आदिलशाहीने पुन्हा तोच डाव टाकला. अल्बुकर्क १५११ मध्ये मलाक्काला गेल्याबरोबर पुलादखान परत खाडी ओलांडून बेटावर आला, बाणस्तारीला ठाण मांडलं, शहराचा कप्तान रोद्रिगो रेबेलो लढाईत मारला गेला. मग एक मजेशीर प्रकार झाला. विजापूरहून रसूलखान आला आणि त्याने पोर्तुगिजांना सांगितलं की हा पुलादखान हुकूम मोडून बंडखोर झालाय, याला हटवायला मला मदत करा. पोर्तुगिजांनी खरंच मदत केली! पुलादखान गेला, आणि रसूलखानाने बाणस्तारीचा किल्ला ताब्यात घेऊन, मजबूत करून, निरोप धाडला की आता गोवा खाली करा. पुढचे कित्येक महिने शहर वेढ्यात. १५१० च्या पावसाळ्यात जी चूक म्हणतात ती इथे सुधारलेली दिसते, म्हणजे बेटावरच पक्कं ठाणं करायचं आणि जमिनीकडचं दार आपल्या हातात ठेवायचं. फक्त समुद्राकडचं दार अजूनही उघडंच होतं, आणि त्यातूनच १५१२ मध्ये अल्बुकर्क परत आला, येताना नवी कुमक घेऊन.

यावेळी त्याने जहाजं थेट खाडीत घातली, बाणस्तारीच्या किल्ल्यासमोर नेऊन तोफा डागल्या आणि दुसरीकडून शहरातून फौज काढली. रसूलखानाने शेवटी किल्ला सोडला, माणसांना सुखरूप जाऊ द्यायच्या अटीवर. आत काही पळून गेलेले, धर्म बदललेले पोर्तुगीज होते, त्यांना जिवे मारणार नाही एवढं अल्बुकर्कने कबूल केलं, आणि शब्दाला अक्षरशः जागून त्यांची नाकं, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला. त्यातला फेर्नांव लोपिश पुढे पोर्तुगालला परतताना वाटेत सेंट हेलेना बेटावर उतरला आणि तिथेच एकटा राहिला, त्या बेटावर वस्ती करून राहिलेला पहिला माणूस म्हणतात त्याला. झुआंव माशादो मात्र आधीच परत पोर्तुगिजांकडे आला होता, त्याचं सगळं माफ झालं.

तिमोजाचं काय झालं? ज्याच्या बातमीवर हे सगळं उभं राहिलं त्याला गोव्याचा कारभार फार दिवस मिळाला नाही, अल्बुकर्कने वसुली होनावरच्या मल्हाररावाकडे दिली. तिमोजा बाजूला पडला.

यानंतर पोर्तुगिजांनी ओलांडायच्या प्रत्येक जागेवर, बाणस्तारी, गवंडाळी, आगशी, पणजी, पक्क्या चौक्या बसवल्या, तिथून कोण येतो कोण जातो याची नोंद आणि जकात दोन्ही. बारदेस आणि साष्टी १५४३ ला त्यांच्याकडे आली. १५७० मध्ये अली आदिलशहाने मोठी फौज घेऊन पुन्हा वेढा घातला, त्याच वेळी निजामशाहीने चौलला, तेव्हाही मुक्काम बाणस्तारीच्या समोरच पडला होता. त्या खेपेला पावसाळा अख्खा गेला, खाडीच्या पलीकडे मोठ्या संख्येने उतरता आलं नाही, आणि १५७१ मध्ये तह करून फौज परत घाट चढली.